जत मागणारा माणूस

बदल्यांच्या दिवसांत सांगलीच्या आमच्या आस्थापना शाखेत दुष्काळी जतचं नाव निघालं की माणसं आजारी पडत. कुणाचा रक्तदाब वाढे, कुणाच्या आईचे गुडघे धरत, कुणाची मुलं दहावीला असत. एका गृहस्थांची मुलगी तर सलग तीन वर्षं दहावीला होती. मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही, त्यामुळे दाखल्यांनाही नाही. हे सगळे अर्ज माझ्या टेबलावर यायचे आणि मी त्यांवर अभिप्राय लिहायचो. साहेब तो अभिप्राय वाचत, मान हलवत आणि सही करत. थोडक्यात, सही त्यांची असली तरी निर्णय माझा असे. एवढ्या स्पष्टपणे हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

सगळे जतमधून सुटायला अर्ज करत असताना एक माणूस दर वर्षी जत मागायचा. तो आमच्या अभिलेख कक्षाचा शिपाई. वयानं माझ्याहून थोडा मोठा, म्हणून मी त्याला मामा म्हणायचो. गाव जतजवळचं. घरची मेंढरं, रानात जोंधळा, आणि दोन्हीकडे बघायला एकटी बायको. हा सांगलीत भाड्याच्या खोलीत राही, शनिवारी संध्याकाळी गावाकडं जाई आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत येई. "लगीन झाल्यापास्नं आमी रविवारचं नवरा-बायको हाय, भाऊसायेब," असं तो हसत म्हणायचा. मीही हसायचो.

सात वर्षं मी त्याच्या अर्जावर एकच वाक्य लिहिलं: 'सदर कर्मचारी अभिलेख कक्षात अत्यावश्यक असल्याने तूर्त बदली करणे प्रशासकीयदृष्ट्या सोयीचे नाही.' आणि त्याला सांगितलं, "मामा, मी लय प्रयत्न केला, पण साहेब ऐकत नाहीत."

वाक्य खोटं नव्हतं. मामांनी अभिलेख कक्षाचा कळप केला होता. धनगराच्या घरात वाढलेला माणूस. मेंढरांच्या पाठीवर रंगाचा ठिपका देऊन ती ओळखायची सवय. तसेच ठिपके त्यानं फायलींच्या पाठीवर दिले होते. हिरवा म्हणजे नोकरीत असलेला. गेरूचा म्हणजे निवृत्त. निळा म्हणजे कोर्टात अडकलेला. नुसत्या रंगांनी भागायचं नाही. ठिपका वर की खाली, एक की दोन, याचेही अर्थ होते आणि ते फक्त त्याला ठाऊक होते. नोंदवही होती, पण ती दाखवायला. फाईल मागितली की तो डोळे बारीक करून रॅककडे बघायचा आणि चालत जाऊन नेमकी तीच काढायचा.

माझ्या पदोन्नतीच्या वेळी माझं स्वतःचं सेवापुस्तक हरवलं. दोन आठवडे मला जेवण गोड लागलं नाही. शेवटी मामांनीच ते शोधून आणलं, एका निवृत्त ड्रायव्हरच्या गठ्ठ्यातून. त्या वर्षी मी त्याच्या अभिप्रायात 'अत्यावश्यक'च्या आधी 'अत्यंत' घातलं.

मी स्वतः सांगलीला आलो तो साताऱ्याहून. माझी बायको मिरजेला शिक्षिका. पती-पत्नी एकत्रीकरणाच्या सवलतीत माझा अर्ज पहिल्याच फटक्यात मंजूर झाला. मामांची बायको मेंढरांची नोकरी करत होती. ती सवलतीच्या व्याख्येत बसत नव्हती. रोज संध्याकाळी घरी जाऊन मी बायकोच्या हातचा चहा प्यायचो आणि हे डोक्यात येऊ द्यायचो नाही.

मागच्या साली अर्जांच्या आठवड्यात ती बाई स्वतः कार्यालयात आली. डोक्यावर पदर, हातात पिशवी. माझ्या टेबलासमोर उभी राहिली.

"तुमीच व्हय भाऊसायेब?"

"हो. बसा मामी."

"बसायला न्हाई आले. ह्यांच्या नोकरीची शेवटची तीन वर्सं उरल्यात. त्या नाही म्हणणाऱ्या सायबाला येकदा भेटवा."

"भेटून काय करणार?"

"भांडत न्हाई. नुसतं इचारते, तुमची बायकू कुठं राहती म्हणून." मग पिशवीतून भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी काढून तिनं माझ्यापुढं ठेवली. "तुमच्यासाठी आणलीया. दर वर्साला आमच्यापायी सायबासंगं भांडता म्हणं तुमी. ह्यांनी सांगितलंय."

साहेब दौऱ्यावर होते, म्हणून त्या क्षणी वाचलो. भाकरी मात्र खावी लागली, कारण मी ती खाईपर्यंत बाई हलणार नव्हती. चटणी उत्तम होती.

तिला गाडीला बसवून मामा परत आले, तसा मी अभिलेख कक्षात गेलो. दार लावलं. ते शिडीवर चढून गठ्ठे पुसत होते.

"मामा, साहेबांनी तुम्हाला कधीच अडवलं नाही. मी अडवलं. सात वर्षं."

त्यांनी फडकं झटकलं. "ठावं हाय की."

"कसं?"

"आवं, तुमी लिवायचा कागद, पर फायलीला लावतंय कोण? मीच न्हवं?"

मी शिडीचा पाय धरून उभा राहिलो. इतकी साधी गोष्ट सात वर्षांत माझ्या डोक्यात आली नव्हती.

"मग बोलला का नाहीत?"

"पैल्या साली राग आला हुता. मग तुमचं सेवापुस्तक दोन आठवडं सापडत नव्हतं, ध्यानात हाय?"

ध्यानात होतं.

"म्हटलं, आपली चीज आपल्यापास्नं लांब पडली की कसं वाटतं ते कळंल. तर तुमी उलटं 'अत्यंत' लिवलंसा. तवा मी हात टेकलं." ते हसत खाली उतरले. "बाकी तो कागद फुकट न्हाई गेला. थोरलीचं लगीन जमवताना सोयऱ्यांनी इचारलं, हापिसात काय करता? म्हटलं वाचा, सरकारला माझ्याबगार चालत न्हाई."

"आणि मामींना का सांगितलंत की मी भांडतो म्हणून?"

"खरं कसं सांगू? भाऊसायबाला माझी लय किंमत हाय म्हणून सोडत न्हाईत, असं म्हटलो असतो तर ती म्हटली असती, मग मला काय न्हाई व्हय?"

मी शिडी उचलून भिंतीला लावली आणि टेबलाकडं परत आलो.

दुसऱ्या दिवशी मी लिहिलं: 'बदलीस हरकत नाही.' साहेबांनी भुवया उचलल्या. "गेल्या वर्षी तर हा अत्यंत अत्यावश्यक होता."

"मी सात वर्षं चुकीचं लिहीत होतो, साहेब. माझ्या सोयीचं."

"मग आता फायली कोण शोधणार?"

"मी."

साहेब बराच वेळ हसले आणि त्यांनी सही केली.

कार्यमुक्तीआधी मामांनी मला आठवडाभर शिकवलं. रॅकसमोर उभं करून विचारायचे, "ही कुणाची?" चुकलो की म्हणायचे, "लांडगा पडला तुमच्या कळपात." मी सगळं नोंदवहीत उतरवून घेतलं. आता त्यांच्यावाचून अडत नाही, म्हणजे आठवड्यातनं दोनदाच फोन करावा लागतो. मागे मेंढरांचा आवाज असतो आणि अधूनमधून मामींचा: "पुन्यांदा त्येच का? जेवू द्या म्हणावं."

परवा माझं सेवापुस्तक काढलं. पाठीवर हिरव्या ठिपक्याखाली पिवळे दोन. ते माझ्या नोंदवहीत नव्हते. फोन लावला.

"पिवळं दोन व्हय?" मामा म्हणाले. "ते चुकार मेंढराचं. वाईट नसतंय, पर नजर ठिवाय लागती."

मी ते नोंदवहीत लिहून घेतलं.