धुरा टाचेला लागेपर्यंत

गडचिरोलीच्या कॉलेजात मी पहिल्यांदा लूप, म्हणजे कॉम्प्युटरला एकच काम पुन्हा पुन्हा करायला लावणारा प्रोग्राम लिहिला, तेव्हा स्क्रीनवर आकडे धावत सुटले आणि थांबेचनात.

"थांबायचं कधी, ते कुठी लिहिलं?" सरांनी विचारलं.

मी लिहिलंच नव्हतं. तेही सांगावं लागतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आमच्याकडे धानाच्या रोवण्याला बाया वाकून, मागे मागे सरकत रोपं लावतात. मागे कोणी बघत नाही, थांब असंही कोणी म्हणत नाही. शेताचा बांध, म्हणजे आमचा धुरा, टाचेला लागला की बाई आपोआप कंबर सरळ करते. मी कॉम्प्युटरलाही टाच आहे असंच धरून चालले होते.

"जमत नसेल तर दुसरा विषय घे," सर म्हणाले.

माझं डोकं सणकलं. "नाई सर, मले हेच शिकाचं हाये."

कॉम्प्युटरला टाच नाही, तर प्रत्येक फेरीला त्यानं विचारलं पाहिजे, धुरा आला का? ती अट मी लिहिली. आकडे शंभरावर गुपचूप थांबले.

"चल, लॅब बंद करायची आहे," सर म्हणाले.

मी पुढचं गणित उघडलं. माझ्या टाचेला अजून काही लागलं नव्हतं.