उजव्या बटणावरचं ठिगळ

दुपारी एकला मासेमार सोसायटीच्या सचिवांचा फोन आला, तेव्हा मी ब्रह्मपुरीतल्या माझ्या दुकानात डबा उघडून बसले होते. त्यांच्या गावच्या तळ्याच्या पट्ट्यासाठी, म्हणजे मासेमारीच्या पाच वर्षांच्या ठेक्यासाठी, सभासदांची यादी पाचपर्यंत तालुक्याच्या कचेरीत द्यायची होती आणि एक नाव राहिलं होतं. सभासद वारला होता, त्याच्या जागी वारस म्हणून बायकोचं नाव चढवायचं होतं. आज चढलं नाही तर पुढची पाच वर्षं तिला त्या तळ्यात जाळं टाकता येणार नव्हतं.

सोसायटीचं सॉफ्टवेअर मीच केलेलं. त्याचा मला भारी गर्व होता. पडद्यावर फक्त तीन बटणं: नवीन सभासद, शोधा, यादी छापा. बाकीची सगळी कामं सभासदाच्या नावावर माउसचं उजवं बटण दाबलं की दिसायची. पडदा कसा लख्ख हवा, असं मी येईल त्याला ऐकवायचे.

"भाऊ, त्या नावावर उजवं बटण दाबा."

"दाबून राह्यलो ना ताई. काही होत नाई."

"डावं नाही. जेवायचा हात."

"तोच हात हाये."

चौथ्यांदा तेच ऐकल्यावर माझा तोल गेला. साधं एक बटण दाबता येत नाही का, असं मी त्या बापाच्या वयाच्या माणसावर ओरडले. पलीकडून ते दबक्या आवाजात म्हणाले, "तुमी येऊनच जा ना. बाई सकाळपासून बसून हाये इथी."

डबा झाकला आणि स्कूटी काढली. धानाच्या रोवणीचे दिवस, रस्ताभर ट्रॅक्टरने आणलेला चिखल. दोनदा घसरता घसरता वाचले. पोहोचायला पावणेतीन झाले. ती बाई सोसायटीच्या दाराशी जमिनीवर बसली होती, मांडीवर नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्याची प्लास्टिकची पिशवी. मी खुर्ची ओढली, माउसवर हात ठेवला आणि बोटाला रबर लागलं. उजव्या बटणावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा, पंक्चरच्या सोल्युशनने पक्का चिकटवलेला.

"हे काय आहे?"

सचिवांनी मान खाली घातली. "पहिल्याच महिन्यात कोनाचं तरी बोट पडलं, आन् जित्ता मानूस कम्प्युटरमदी मयत झाला. त्याच्या बायकोनं इथी येऊन लय गोंधळ केला. म्हनून बंदच करून टाकलं."

"मला सांगायचं ना, भाऊ!"

"तुमी रागावता."

माझे कान तापले. 'मयत' आणि 'वारस' या ओळी मीच एकीखाली एक ठेवल्या होत्या, दोन्ही नजरेआड, आणि 'नक्की का?' असा साधा प्रश्नही मध्ये टाकला नव्हता. ब्लेडने रबर खरवडून काढलं. सोल्युशन आत उतरलं होतं, बटण हलेना. गावात दुसरा माउस नाही. सव्वातीन. बाई माझ्याकडे टक लावून बघत होती. आणि मग आठवलं, कीबोर्डवरही त्याच कामाची एक कळ असते. ती मी कधी कुणाला दाखवली नव्हती. आज फोनवर नुसती सांगितली असती तर दोन मिनिटांचं काम होतं.

कळ दाबली, ओळी उघडल्या. नाव चढलं, यादी छापली, सचिव मोटारसायकलवर निघाले. आम्ही दोघी तिथेच बसून राहिलो. पाचला दहा मिनिटं असताना सचिवांचा फोन आला, कचेरीने यादी घेतली म्हणून.

मी हुश्श केलं. ती हसली नाही.

"मंग मागं काऊन नाई झालं? मी तीनदा आली होती. म्हने, कम्प्युटरमदी वारसाची जागाच नाई. साल झालं, जाळं सोडून लोकायच्या धानाच्या बांधीत राबून राह्यली मी."

तिच्या पायांच्या बोटांमध्ये चिखलाने पडलेल्या भेगा होत्या. खोटं बोलवेना.

"जागा होती, बाई. मीच ती आत ठेवली होती."

"काऊन?"

ती चिडून विचारत नव्हती, तिला खरंच कळत नव्हतं. पडदा लख्ख दिसावा म्हणून, हे मला तिच्यासमोर बोलता आलं नाही.