अर्ध्या टाकीचं पाणी

वनिता मॅडमबरोबर रस्त्याने चालणं अवघड असे. पाण्याचा टँकर उभा दिसला की त्या थांबत आणि टाकीवर बोटाने टकटक करत वरून खाली येत. आवाज मध्येच बदलला की ड्रायव्हरला म्हणत, "दादा, अर्धी टाकी घेऊन पळू नका. भरून न्या, नाहीतर रिकामी करून." ड्रायव्हर हसत. बाई वेडी आहे, असं समजत.

नांदेडच्या कॉलेजात त्या आणि मी एकाच स्टाफरूममध्ये बसायचो. द्रवपदार्थ कसे वाहतात, हा त्यांचा विषय. त्यांचा धाकटा भाऊ दत्ता लातूरकडच्या टंचाईच्या गावांना टँकरने पाणी पोचवायचा. एका गावात अर्धं पाणी उतरवून तो पुढे निघाला. वळणावर म्हैस आडवी आली, टँकर उलटला आणि दत्ता जागीच गेला. प्यायला असणार, असं लोकांनी ठरवून टाकलं. कंधारजवळच्या गावी राहणाऱ्या त्यांच्या आईनेही तेच धरलं. "त्याचं नाव काढू नका माज्या म्होरं," म्हणाली आणि भिंतीवरचा फोटो उतरवला.

"भाऊ गेला तो गेलाच, सर," मॅडम म्हणायच्या, "पण मायनं त्याला मनातूनही काढलं. ते मला सोसत न्हाई."

एकदा मी त्यांच्याबरोबर गावी गेलो. त्यांनी आईसमोर औषधाची छोटी बाटली अर्धी भरून खेळण्यातल्या ट्रकवर बांधली, ट्रक पळवला, झटकन थांबवला. पाणी जेमतेम हललं. आई म्हणाली, "गाडी कुठं पडली गं? चालवणाराच धड नव्हता."

"माय, एवढ्याशा बाटलीत पाणी काचेला धरून राहतं. मोठ्या टाकीत त्याला कुणी धरत न्हाई गं. सगळं एकदम धावतं."

आई उठून चुलीकडे गेली. परतताना एसटीत मॅडम खिडकीच्या गजाला कपाळ टेकून बसल्या होत्या. "पोरांना शिकवते मी हे," एवढंच बोलल्या.

पुढच्या महिन्यात त्यांनी आईच्या हातापाया पडून तिला विष्णुपुरीकडच्या एका माळावर आणलं. दत्ताचा जुना सोबती हबीब अर्धा भरलेला टँकर घेऊन आला होता. त्याच्या शेजारी आई बसली, दाराशी मॅडम. मी खाली उभा होतो. हबीबने टँकर सरळ, बेताने पळवला आणि माझ्यापाशी आणून ब्रेक दाबला. गाडी थांबली. मग टाकीत धाडकन आवाज झाला आणि थांबलेली गाडी हातभर पुढे सरकली.

आईने दचकून मागे पाहिलं. "कुणी ढकललं?"

"पाण्यानं, माय."

आईने पुन्हा वळून टाकीकडे पाहिलं. मग हळूच विचारलं, "त्यानं बिरेक मारला हुता का गं?"

"हाव. रस्त्यावरच्या टायरच्या खुणा मी डोळ्यांनी बघितल्या. वळणावर त्याला असाच धक्का बसला."

"आनिक एकदा थांबव रे बाबा," आई हबीबला म्हणाली.

त्याने टँकर फिरवून आणला, पुन्हा थांबवला. पुन्हा तो धक्का. आई कशीबशी खाली उतरली आणि मातीतच बसली. "माज्या लेकरानं थांबवलं हुतं रे! दत्ता, दत्ता रे..."

पोलिसांच्या कागदात चूक आजही ड्रायव्हरचीच आहे. त्या दिवशी मी आईला उठवायला पुढे झालो, तर मॅडमनी माझा हात धरला.

"राहू द्या, सर. तो गेल्यापासून आज पहिल्यांदा रडून राहिली ती."