चौथी बाजू

सोमवार : चाचणी. गुरुवार : गुणांची घोषणा. शनिवार : सभा.

जबाबदार व्यक्ती : (एक) म्हस्के मॅडम, इयत्ता चौथीच्या वर्गशिक्षिका. (दोन) निवृत्ती अण्णा, शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष आणि आमच्या शेताचे पूर्वेकडील शेजारी. (तीन) सौ. सुमन, माझी पत्नी, जिने मला वेळीच रोखले नाही. (रोखले असते तर तिच्याविरुद्धही अर्ज केला असता, हे ती जाणून होती.) (चार) ही जागा राखून ठेवली आहे.

हयातभर मी तालुक्याच्या कोर्टात कारकुनी केली. निवृत्तीनंतर देवळाली प्रवराजवळच्या वस्तीवर उसाच्या सान्निध्यात शांतपणे जगावे, असा मानस होता. परंतु आमच्या पूर्वेच्या बांधावर निवृत्ती अण्णांनी हक्क सांगितला आणि शांतता संपुष्टात आली. गेली कित्येक वर्षे त्या बांधावर 'जैसे थे'चा आदेश आहे. आमच्या घरात सकाळचा चहा, दुपारची भाकरी आणि संध्याकाळचा दिवा हे तिन्ही त्या बांधाच्या चर्चेसह होतात. माझी नात ईश्वरी त्याच चर्चेत रांगली, बोलू लागली आणि चौथीत गेली.

सर्व शाळांना एकच प्रश्नपत्रिका असलेली चाचणी झाली. तिच्यातील गुणांवरून तालुक्याच्या गणित स्पर्धेला वर्गातील दोन मुले पाठवायची होती. ईश्वरी आणि अण्णांची नात तनुजा एका बाकावर बसतात, एका डब्यात जेवतात. (बांधाचा दावा त्यांना लागू नाही.) दोघी जाणार, हे दोघींनी ठरवून टाकले होते. सुमनने प्रवासासाठी शेंगदाण्याचे लाडूदेखील वळले होते.

गुरुवारी ईश्वरी घरी आली आणि दप्तर न उतरवताच म्हणाली,

"आबा, तनुजा पहिली आली, माझा तिसरा नंबर आला. एका मार्कानं गेला."

"कोणता प्रश्न चुकला?"

"तारेचा. पण माझं बरोबर हाय."

एवढे मला पुरेसे होते. मुलीने उत्तर काय लिहिले, हे विचारण्याची बुद्धी मला झाली नाही. फिर्यादीचा शब्द आणि विरुद्ध पक्षाची चूक, दोन्ही हाती आल्यावर तपशिलात कोण शिरतो? सुमन एवढेच म्हणाली, "अहो, आधी त्या मॅडमना जरा विचारा तरी."

"विचारणे तोंडी असते. मी लेखी विचारतो."

तीन पानी अर्ज झाला. सदर प्रश्न सदर विद्यार्थिनीस समितीसमोर, पालक-साक्षीदारांच्या उपस्थितीत, तोंडी पुन्हा विचारण्यात यावा. कसूर झाल्यास पुढील परिणामांस शाळा जबाबदार राहील. माझ्या कलमांपुढे शाळा कधी टिकत नाही. मागणी मान्य झाली. (येथेच मला संशय यायला हवा होता.)

शनिवारी वर्गात निम्मी वस्ती जमली. मी इस्त्रीचे धोतर आणि कोर्टातला काळा कोट घालून गेलो. समितीच्या खुर्चीवर निवृत्ती अण्णा टोपी मांडीवर ठेवून बसले होते. आम्ही एकमेकांकडे पाहिले नाही. तोही 'जैसे थे'चाच भाग समजावा.

म्हस्के मॅडमनी प्रश्न मोठ्याने वाचला. "एक आयताकृती शेत आहे. लांबी वीस मीटर, रुंदी दहा मीटर. शेताभोवती एकपदरी तारेचं कुंपण घालायचं आहे. तार किती लागेल? सांग, ईश्वरी."

ईश्वरी ताठ उभी राहिली. "पन्नास मीटर."

वर्गात कुणीतरी खुर्ची सरकवली. माझ्या तोंडून "कसे?" निघून गेले.

"वीस, वीस आणि दहा."

"आणि चौथी बाजू, बाळा?" मॅडम म्हणाल्या.

"चौथी पूर्वेची. तिथं तार लावायची न्हाई. कोर्टाचा अवमान होतो."

हसण्याची लाट मागच्या बाकापासून निघाली आणि माझ्या कोटावर येऊन फुटली. मॅडमनी पदर तोंडाशी धरला. त्या म्हणाल्या, "काका, भाषेच्या पेपरातलंही सांगू का? शेजाऱ्याची गाय आपल्या शेतात आली तर काय कराल, असं होतं. बाकीच्यांनी लिहिलं, हाकलू, पाणी दाखवू. हिनं लिहिलं, पंचनामा करू. मी मार्क दिला. पूर्ण वाक्य होतं."

मी उठून उभा राहिलो; परंतु वकिली करावी तर कोणाची, हेच कळेना. तेवढ्यात निवृत्ती अण्णांनी घसा खाकरला.

"मॅडम, पोरीचं उत्तर बराबर हाय. तिनं तिच्या आज्याच्या तीन बाजू मोजल्या. पूर्वेची तार माझ्याकडं. मी लावनार. द्या मार्क."

हे वाक्य वरवर उदार आहे. कायद्याच्या दृष्टीने ते भयानक आहे. ज्याची तार, त्याचा बांध! मी ते मुकाट ऐकले तर इतक्या वर्षांचा दावा एका वाक्यात हातचा जाणार. आणि हरकत घेतली, तर शेताची चौथी बाजूही माझीच, म्हणजे नातीचे उत्तर चूक, हे मीच साक्षीदारांसमोर सिद्ध करणार. असा पेच मी कोर्टाच्या उभ्या नोकरीत पाहिला नव्हता.

मॅडम म्हणाल्या, "पेपरातला मार्क मला बदलता येणार नाही, उत्तरसूचीत साठ आहे. पण स्पर्धेचे दोघे कोण, ते समितीच ठरवते. दुसऱ्या नंबरची आराध्या तर मामाच्या लग्नाला चाललीये. ईश्वरीला पाठवू. कुणाची हरकत?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. ईश्वरीनेही. तनुजाने बाकाखाली तिचा हात धरला होता. सुमन तर अशी पाहत होती, की जणू उठून जायला चपला शोधत आहे.

"हरकत नाही," मी म्हणालो.

हे दोन शब्द माझ्या तोंडून प्रथमच निघाले होते. सुमनने त्यांची घरी तीनदा खातरजमा केली.

दोघी स्पर्धेला गेल्या. बक्षीस मिळाले नाही. लाडू मात्र संपले. आणि अण्णांनी शब्द पाळला. पूर्वेला खांब रोवले, तार ओढली. मी टेप घेऊन धावलो. तार बांधावर नव्हतीच. हातभर आत, त्यांच्याच रानात होती. अख्खा बांध त्यांनी बाहेर सोडून दिला होता.

"अण्णा, हे काय?"

"राहू द्या. पोरींना जायला वाट लागती."

आता त्या बांधावरून ईश्वरी आणि तनुजा शाळेत जातात. मला लिहिण्यासारखी एकही तक्रार उरलेली नाही. ही माझी भरून न येणारी हानी आहे.

सबब, वर राखून ठेवलेल्या चौथ्या जागी मी एक नाव भरीत आहे. त्या इसमाने दहा वर्षांच्या मुलीला गणिताआधी दावा का शिकवला, याचा खुलासा त्याने वस्तीसमोर, जाहीरपणे करावा. त्याचा पत्ता मला ठाऊक आहे. नोटीस मी स्वतः दिली, त्याने ती सही करून घेतली. मात्र अद्याप उत्तर नाही. सध्या तो अण्णांच्या ओट्यावर बसून त्यांच्याच भुईमुगाच्या शेंगा खात असल्याचे विश्वसनीयरीत्या समजते.