भिंगरीने पुसलेले आवाज

पायाला भिंगरी लागलेला भाऊ, म्हणून ताईनेच त्याला लहानपणी भिंगरी म्हणायला सुरुवात केली, आणि पुढे ऑफिसातही तेच नाव चिकटलं. खुर्चीत बसला की गुडघा हलायला लागायचा. चहा अर्धा टाकून उठायचा. नीट चाललेला प्रोग्राम उघडून त्यात काहीतरी ढवळल्याशिवाय तर त्याला चैनच पडायचं नाही. हुशार होता हो, त्यात वाद नाही. पण एका जागी टेकायला बूड लागतं, ते देवानं द्यायचं राहून गेलं होतं.

ताई स्पीच थेरपिस्ट. मेंदूचा झटका येऊन वाचा गेलेल्यांना ती पुन्हा बोलायला शिकवायची. तिच्यासाठी त्याने पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत एक वेब ॲप लिहिलं. पेशंटचा रोजचा सराव त्यात रेकॉर्ड व्हायचा. ॲप, त्याला लागणारी पायथनची नेमकी आवृत्ती, लायब्रऱ्या म्हणजे तयार कोडचे गठ्ठे, सगळं त्याने एका कंटेनरमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरच्या बंद डब्यात, बांधलं होतं. त्याच्या लॅपटॉपवर जसं चालतं तसंच ते ताईच्या क्लिनिकमधल्या कॉम्प्युटरवर चालावं, एवढ्यासाठी. आवाज मात्र कंटेनरच्या बाहेर, वेगळ्या जागेत साठवायचे. तिला व्हॉल्यूम म्हणतात. कंटेनर काढून टाका, नवा उभा करा, आवाज जागच्या जागी राहतात.

म्हणजे, राहायला हवेत. पण घरी चाचणीच्या आवाजांवर काम करताना या बाबाला सगळं कोरं करकरीत लागायचं. जरा बिनसलं की एकच कमांड. कंटेनर बंद, व्हॉल्यूमही साफ, पुन्हा पहिल्यापासून. दिवसभर तेच. बोटांना इतकी सवय झाली होती की डोक्याला विचारायची गरजच उरली नव्हती.

त्या दुपारी ताईने त्याला फक्त स्पीकर जोडायला बोलावलं होतं. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरकाकांचा मुलगा येणार होता. काकांनी उभा जन्म बस चालवली आणि झटक्यानंतर ते गप्पच झाले. मुलाचं म्हणणं होतं, ने-आण करून आईची कंबर मोडली, बाबा घरी चकार शब्द काढत नाहीत, बंद करू या हे सगळं.

"त्याला पहिल्या दिवसाचं आणि कालचं रेकॉर्डिंग ऐकवते," ताई म्हणाली. "तेव्हा नुसतं अं-अं करत होते, आता इथे 'पाणी दे' म्हणतात, घरच्यांसमोर मात्र ओठ मिटतात. हे ऐकल्यावर कसा बंद करतो बघू! तू स्पीकर जोड. बाकी कशाला हात लावलास तर याद राख."

स्पीकर जोडून झाला, ताई आत पेशंटपाशी गेली, आणि याचे हात शिवशिवायला लागले. पायथनची नवी आवृत्ती आली होती. आलोच आहोत तर कंटेनर नवा बांधून टाकू, त्यात काय मोठंसं! बोटं सुरू झाली. तीच सवयीची कमांड गेली. थोड्या वेळाने ॲप झोकात उघडलं, आणि पेशंटच्या यादीत एकही नाव नव्हतं.

त्याने पान पुन्हा पुन्हा उघडून पाहिलं. बॅकअपचं काम तो रोज उद्यावर ढकलत आला होता. खूप खटपट केली, काही म्हणता काही हाती लागलं नाही. ताई आरडाओरडा करेल असं त्याला वाटलं. तिने नुसता स्पीकर बंद केला.

"बाकीच्यांना मी सांगेन," ती म्हणाली. "काकांच्या घरच्यांना तू सांगायचंस."

दुसऱ्या दिवशी काका, काकू आणि मुलगा समोर बसले. भिंगरी उभा. सांगायला लागला तो येरझारा घालतच. खिडकीपाशी जाऊन कंटेनर समजावला, दारापाशी येऊन व्हॉल्यूम, पुन्हा खिडकीपाशी जाऊन माफी मागितली, आणि परत कंटेनर. मेलं कोणाला काय कळणार त्यातलं!

"थोडक्यात, ऐकवायला काही नाही," मुलगा म्हणाला. "आई, चल."

भिंगरी त्याच्या आडवा धावला. "नाही, थांबा ना, ते खरंच बोलत होते हो, मी स्वतः..."

काकांची नजर मघापासून त्याच्याबरोबर इकडून तिकडे फिरत होती. त्यांचा चेहरा लाल झाला. त्यांनी खुर्चीच्या हातावर मूठ आपटली.

"अरे... बैस की खाली!"

भिंगरी मटकन बसला. मुलगा दारातच थबकला.

"अगदी असंच," काकूंच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, "बसमध्ये कोणी दारात लोंबकळला की असंच ओरडायचे."

"रेकॉर्ड झालं का हे?" मुलाने घाईने विचारलं.

रेकॉर्डिंग चालू करायचं कोणालाच सुचलं नव्हतं. भिंगरी कॉम्प्युटरकडे उठणार, तोच काकांनी त्याच्यावर बोट रोखलं. तो गुपचूप परत बसला.

"राहू दे," काकू म्हणाल्या. "आपण ऐकलं ना." मग पदराने डोळे पुसून त्या मुलाकडे वळल्या. "उद्यापासून तू आणशील का रे यांना? माझी कंबर खरंच दुखते."

मुलगा बापाशेजारची खुर्ची ओढून बसला. "आणतो," तो म्हणाला.