चारशे पावलांवरचा इसम

नोकरीची शेवटची काही वर्षं मी रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या एका पोलीस ठाण्यात गोपनीय कामाला होतो. गोपनीय म्हटलं की लोकांना काळा चष्मा आणि पाठलाग आठवतो. माझ्याकडे पंक्चर झालेली मोटारसायकल, एक वही आणि चहाच्या टपऱ्या होत्या. आखातातून कोण आलं, जेटीवर कुठली अनोळखी होडी लागली, हे ऐकायचं आणि दर शनिवारी साप्ताहिक अहवालात भरून वर पाठवायचं. त्यात आंतरराष्ट्रीय दहशतवादाशी संबंधित माहितीचा एक रकाना असे. त्यात मी इमानाने ‘निरंक’ लिहायचो, कारण माहिती खरोखरच काही नसायची.

सलग बरेच शनिवार निरंक गेल्यावर साहेबांनी मला बोलावून झापलं. ‘‘एवढा मोठा किनारा, आणि तुम्हाला काहीच दिसत नाही? झोपा काढता काय?’’ काही घडलं नाही ही बातमी चांगली असते, हे त्यांनाही कळत होतं. पण त्यांनाही वरून कोणीतरी तेच विचारलेलं असणार.

त्याच आठवड्यात मी पावसच्या पुढच्या एका खाडीकाठच्या गावात गेलो होतो. गाडी पंक्चर, म्हणून चालत. वर कातळावर एक तिशीचा माणूस फोनवर अरबीत बोलताना दिसला. दुकानदाराला विचारलं, तर तो म्हणाला, ‘‘अवो, हितं रेंज कुठली? समदी कातळावरच जातात फोन लावायला. तो जहाजावर असतो, त्येच्या शेटशी बोलत आसंल.’’

म्हणजे मला सगळं कळलं होतं. तरी शनिवारी मी लिहिलं, ‘मशिदीपासून चारशे पावलांवर निर्जन कातळावर एक इसम परदेशी क्रमांकावर अरबी भाषेत संभाषण करतो.’ खाली त्याचं नाव आणि गाव. रेंजचं लिहिलं नाही. ते लिहिलं असतं तर त्या ओळीचं पुन्हा निरंकच झालं असतं. साहेब खूश झाले. मीही सुटलो असं मला वाटलं, याची आज चीड येते.

दीड वर्षाने वरून लाखेचा लखोटा आला. अत्यंत गोपनीय. परदेशातल्या एका अतिरेकी गटाचा संपर्क आमच्या हद्दीत असण्याची शक्यता, दोन स्वतंत्र सूत्रांचा दुजोरा, तातडीने चौकशी करावी. खाली वर्णन होतं, सदर इसम मशिदीपासून चारशे पावलांवर वगैरे वगैरे. मी कपाळावर हात मारला. मोठ्या शहरातला कुठला गुप्तहेर अंतर पावलांत मोजतो? ती पावलं माझी होती. माझी ओळ एका कार्यालयातून दुसऱ्यात गेली, दोघांनी ती आपापल्या कागदावर उतरवली, तिसऱ्याने दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि झाली दोन सूत्रं. अतिरेकी गट वाटेत कोणी जोडला ते मला अजून कळलेलं नाही.

आणि त्याच माणसाच्या पासपोर्ट नूतनीकरणाची पडताळणी माझ्याच टेबलावर होती. महिनाअखेर त्याला जहाजावर रुजू व्हायचं होतं. नाहीतर कंपनी दुसरा माणूस घेणार होती.

मी साहेबांना सरळ सांगितलं, ‘‘हे सूत्र मी आहे. दोन्ही मीच आहे.’’

साहेब हसले. मग गंभीर झाले. ‘‘हे कागदावर आणू नका. तथ्य आढळलं नाही, एवढंच लिहा. आणि वरून उत्तर आल्याशिवाय पासपोर्टवर शिफारस करू नका.’’

मी लिहिलं. उत्तर नाही. स्मरणपत्र पाठवलं. उत्तर नाही. तो माणूस रोज ठाण्यात येऊन बाकावर बसायचा. इस्त्रीचा शर्ट, हातात कागदांची पिशवी. ‘‘साहेब, आज काही?’’ एवढंच विचारायचा. मी फाइल चाळल्यासारखं करायचो. जे वरचे लोक शंका ‘तातडीने’ म्हणून खाली पाठवतात, त्यांना खुलासा वाचायला वर्ष पुरत नाही. माझं डोकं फिरायचं, पण फिरवून दाखवायचं कोणाला?

महिना संपला, जहाज गेलं. त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात वरून कागद आला. आशेने फोडला. आत लिहिलं होतं, ‘सदर इसमाची स्थानिक पोलिसांनी यापूर्वी चौकशी केलेली असल्याने त्याच्यावर लक्ष ठेवावे.’ ती चौकशी त्यांनीच करायला लावली होती.

तेव्हा मात्र मी साहेबांना न विचारता झाला प्रकार सविस्तर लिहिला, चूक माझी म्हणून खाली सही केली आणि पाठवला. एकदा नाही, चारदा. एकाचीही साधी पोच आली नाही.

मग एका दुपारी त्याच्या घरी गेलो. तो मागच्या दारी आंब्याच्या पेट्या ठोकत होता. पावसच्या एका बागायतदाराकडून ते काम मिळालं होतं. माझ्यासाठी त्याने खुर्ची आणली. मी सगळं सांगितलं. कातळ, निरंक, माझी ती ओळ. तो ओरडेल, निदान हाकलून देईल, असं मला वाटलं होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

त्याने हातोडी खाली ठेवली. चेहऱ्यावर राग नव्हता, उलट थोडी सुटका होती. ‘‘म्हणजे तुम्हीच लिहिलं होतं. मला वाटलं, कोण मोठा माणूस मागे लागलाय. मग सोपं आहे, साहेब. तुमचं वर ऐकतात ना? तुम्हीच परत लिहा, की तसं काही नाही.’’

चार पत्रांचं सांगायला माझी जीभ रेटेना. मी ‘‘लिहितो’’ म्हणालो, आणि त्याने विश्वास ठेवला.