होडी लागायची ती जागा

आमच्या कर्जतमध्ये पत्ता विचारायचा तर बाळारामनानांना विचारू नये, असं नवे लोक म्हणायचे. पोस्टमन म्हणून निवृत्त झालेले नाना माझ्या औषधाच्या दुकानाबाहेरच्या बाकावर बसत. कुणी बँक विचारली की सांगत, "चिंचेवरनं डाव्या हाताला वळा, तेलाच्या घान्याला लागून." चिंच रस्ता रुंद करताना गेली होती, घाण्याच्या जागी मोबाइलची दुकानं होती. मी हसले की म्हणायचे, "झाड नाय राहिलं, जागा तर हाय ना गं?"

एका हिवाळ्यात साठी उलटलेल्या एक बाई लग्न झालेल्या मुलीबरोबर दुकानात आल्या. पूल व्हायच्या आधी नदीवर होडी कुठे लागायची, एवढंच त्यांना हवं होतं. दोन तास फिरून कुणाला सांगता आलं नव्हतं. मुलगी कंटाळली होती. "आई, आता निघू या," असं तिचं चाललं होतं.

बाकावरून नानांनी विचारलं, "तू कोनाची गं?"

"लक्ष्मण होडीवाल्याची."

"म्हंजे सुमन. बडोद्याला दिलेली."

"दिलेली नाही, नाना. माझी मी गेले." सुमनताईंनी घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं होतं.

नाना काठी घेऊन उठले. मीही दुकान शेजाऱ्यावर सोपवून निघाले. वाटेत धोब्यांचा दगड, कुंभाराची भट्टी, असं नसलेलं सगळं दाखवत त्यांनी आम्हाला एका इमारतीच्या पार्किंगमध्ये नेलं. दोन गाड्यांच्या मधे उभे राहिले, नदीकडे बघितलं, मग चार पावलं मागे सरकले. "इथं. इथं होडी बांधायचा खुंटा व्हता."

 सुमनताई पाण्याकडे बघत म्हणाल्या, "मी किती पत्रं पाठवली. बाबांचं एकाही पत्राला उत्तर आलं नाही. राग धरूनच गेले."

"राग?" नाना म्हणाले. "अगं, त्याला वाचता कुठं येत व्हतं? तुझी पत्रं मीच वाचायचो, इथंच, होडीत बसून. वाचून झालं की म्हनायचा, परत वाच. मानसं काठावर खोळंबायची. मुलगी झाली, नाक आजोबाचं हाय, असं तू लिवलं व्हतंस. ते चार येळा वाचाय लावलं मला."

मुलीचा हात नकळत नाकाकडे गेला.

"मग उत्तर का नाही दिलं?" सुमनताईंनी विचारलं.

"मी म्हनलं, तू सांग, मी लिवतो. तर म्हनाला, दुसऱ्याच्या अक्षरात बोललेलं तिला माझं कसं वाटंल? ती आली की तोंडानं बोलंन." नानांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "त्या पावसात आजारी पडला आनि गेला. मला तुला कळवायचं व्हतं. पन तेवढ्यात माझी बदली झाली. चुकलंच माझं."

सुमनताई तिथेच फरशीवर बसल्या आणि रडल्या. डोळे पुसून म्हणाल्या, "नाना, ते चार वेळा वाचलेलं पुन्हा सांगा." नानांनी सांगितलं. या वेळी मुलगीच म्हणाली, "आणखी सांगा." त्यांची ठरलेली गाडी चुकली, पुढचीही चुकली.

त्यानंतर दोन वर्षं दोघी हिवाळ्यात आल्या, नानांसाठी लोकरीचं जाकीट घेऊन. तिसऱ्या वर्षाआधी नाना झोपेतच गेले. यंदा गुडघ्यांमुळे सुमनताईही आल्या नाहीत. मुलगी आपल्या दहा वर्षांच्या लेकीला घेऊन आली. मी बरोबर येऊ का, असं विचारलं तर म्हणाली, "नको, मला माहीत आहे."

तासाभराने दोघी परतल्या. लेकीची चप्पल नदीच्या चिखलाने भरली होती आणि पणजोबांना पोहता यायचं का, हे तिला माझ्याकडून ताबडतोब हवं होतं.